दुसऱ्या भागातली पांढरी पट्टी

नव्या पियानोवालीने काळी पट्टी दाबली आणि बाइंडरचा गज तारेवरच थांबला.

बाकीचे तिघे दोन-चार मात्रा पुढे गेले, मग एकेक करून तेही थांबले. सगळ्यात शेवटी मेहुणा थांबला. त्याचा ब्रेक नेहमी गाडी उभी राहिल्यावर लागायचा.

"चुकलं," बाइंडर म्हणाला. "तिथे पांढरी आहे. परत घ्या, विश्रांतीपासून."

परत घेतलं. मुलीने परत काळी दाबली.

बाइंडरने गज मांडीवर ठेवला. त्याला सगळे बाइंडर म्हणत, कारण चौतीस वर्षं तो शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवत होता, मोडके कणे बदलत होता. संध्याकाळी घरी येऊन चेलो वाजवायचा. आता पुस्तकं सुटली होती, चेलो राहिला होता. त्याच्या समोर पहिल्या व्हायोलिनवर बसायच्या त्या बाई, संगीतशाळेतून निवृत्त झालेल्या. सबंध शाळा त्यांना नुसतं बाई म्हणायची, म्हणून हेही म्हणत. दुसऱ्या व्हायोलिनवर त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. व्हायोलावर दातांचे डॉक्टर. ते दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगत आणि संध्याकाळी स्वतःचं मिटून बसत. या चौघांना गावात चौकडी म्हणत. आधी 'चांडाळ' लावायचं काम मेहुणा करायचा.

आणि पियानोवर बाइंडरची बायको. ती जाऊन आठ महिने झाले होते.

पियानो तिचाच होता, त्यांच्या पुढच्या खोलीत. म्हणून तालीम अजून इथेच होत होती. नवी पियानोवाली तिचीच विद्यार्थिनी. चार वर्षं ती याच स्टुलावर बसून शिकली होती, पण तेव्हा ती आली की बाइंडर आतल्या खोलीत जायचा, त्यामुळे त्याला तिचा चेहरा कमी आणि चपलांचा आवाज जास्त ओळखीचा होता.

"सर, इथे फ्लॅट आहे," मुलगी म्हणाली. तिने पुस्तकावर बोट ठेवलं. स्वराच्या आधी एक बारीक खूण होती, पोट आलेल्या उभ्या रेघेसारखी. ती असली की पांढऱ्या पट्टीवरून खालच्या काळीवर यायचं.

"हे पुस्तक कुठलं?"

"नवं छापलंय. मागच्याच वर्षी आलं."

"मग नव्या छापणाऱ्याने चूक केली. एकोणीस वर्षं आम्ही हे वाजवतोय. एकोणीस वर्षं तिथे पांढरी वाजली. का तुला म्हणायचंय, एकोणीस वर्षं तुझ्या मॅडम चुकत होत्या?"

"मॅडम चुकायच्या नाहीत, सर," मुलगी हळूच म्हणाली. "म्हणून तर मला कळत नाहीये."

ज्याने हे कधी ऐकलं नाही त्याला वाटेल, एका पट्टीवरून एवढं काय? पण ती जागाच तशी होती. दुसरा भाग संथ. त्याच्या शेवटाकडे चौघे जण दोनच स्वर धरून बसतात. ते दोन स्वर ना हसरे ना रडवे. मग पियानोचा एक स्वर मधोमध येऊन बसतो आणि तोच काय ते ठरवतो. पांढरी आली तर बंद खोलीत कुणी खिडकी उघडल्यासारखं होतं. काळी आली तर जो काही उजेड होता तोही जातो. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ चेलो, एकटा. बाइंडर तिथे गज असा मोकळा सोडायचा की ऐकणारे ताठ बसत. कार्यक्रमानंतर लोक येऊन त्याच जागेबद्दल बोलत. चौकडीची ती ओळखच झाली होती.

"बाइंडर," बाई म्हणाल्या, "तुमच्या स्वतःच्या चोपडीत काय छापलंय तिथे? 'विरत जा' असंच ना? आणि तुम्ही ते खोडून पेन्सिलीने 'मोठं' लिहून ठेवलंय. मी पहिल्यापासून सांगतेय, काहीतरी जमत नाही."

"लिहिणाऱ्याला त्या दिवशी बरं नसेल."

"मेला बिचारा शंभर वर्षांपूर्वी. आता त्याच्या तब्येतीवर कशाला जाता?"

एरवी इथे मेहुण्याने दोन शब्द टाकले असते आणि सगळे हसले असते. पण तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. शेवटी म्हणाला, "चहा टाकू का?"

"चहा नको," बाइंडर म्हणाला. तो उठला आणि चेलो आडवा ठेवला. "ऐका सगळे. या घरात, तिच्या पियानोवर, तिची पट्टी बदलायची नाही. बारा दिवसांवर कार्यक्रम आहे. पांढरी वाजणार असेल तर मी बसतो. काळी वाजणार असेल तर चेलोला दुसरा माणूस बघा."

एवढं तो एका दमात कधी बोलत नसे. डॉक्टरांनी व्हायोला पेटीत ठेवला, कुलपाची कडी दोनदा वाजली, आणि सगळे गेले. मुलगी जाताना म्हणाली, "सर, मी घरी नीट बघते." त्याने मान हलवली, हो की नाही ते त्यालाच ठाऊक.

ते संगीत मुळात त्यानेच आणलं होतं. ग्रंथालयाच्या जुन्या साठ्यात एक जाडजूड पुस्तक दुरुस्तीला आलं, कणा पार सुटलेला. विसरल्या गेलेल्या कुणा माणसाने पियानो आणि चार तारवाद्यांसाठी लिहिलेलं. कुणी वाजवल्याचं ठाऊक नाही, ध्वनिमुद्रण शोधून सापडलं नाही. त्याने पुस्तक बांधलं, आणि बायकोला दाखवायला म्हणून रीतसर नोंदवून घरी आणलं. तिने स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच चाळलं आणि गॅस बंद करून पियानोवर जाऊन बसली. त्या दिवशी ब्रेडवर भागलं.

फक्त एक अडचण होती. पियानोवालीच्या पुस्तकात पाचही जणांचं छापलेलं असतं, म्हणून पानं भराभर संपतात. आणि या पुस्तकात पान संपायचं ते नेमकं दोन्ही हात कामात असताना. शेजारी बसून पान उलटायला माणूस ठेवतात, पण तिला ते नको असायचं. "शेजारी कुणी श्वास घेत बसलं की माझा श्वास चुकतो," ती म्हणायची.

मग बाइंडरने झेरॉक्स काढल्या. एकेक ओळ कापली, आणि अशी मांडून चिकटवली की प्रत्येक पान संपेल ते तिच्या डाव्या हाताच्या विश्रांतीवर. कुठे ओळ मध्येच तोडावी लागली, कुठे अर्धी ओळ दुसऱ्या अर्धीला जोडावी लागली. तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर कात्री, सुरी आणि खळीची वाटी. ती ताट घेऊन पियानोच्या स्टुलावर बसून जेवायची आणि म्हणायची, "मला घरात जागा मिळाली की सांगा." मग राखाडी कापडाची बांधणी. पहिल्या कार्यक्रमात तिने सबंध तास एकटीने पानं उलटली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या हातून शेकडो पुस्तकं गेली असतील, पण तेवढा अभिमान त्याला दुसऱ्या कशाचा नव्हता.

सगळे गेल्यावर त्याने स्टुलाचं झाकण उचललं आणि ती राखाडी चोपडी बाहेर काढली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. पानांचे खालचे कोपरे तिच्या बोटाने मऊ झाले होते. ती जागा त्याला शोधावी लागली नाही.

स्वराच्या आधी काही नव्हतं. कसलीच खूण नाही. साधा, पांढऱ्या पट्टीचा स्वर.

"बघा," तो रिकाम्या खोलीत म्हणाला.

त्याला इतकं बरं वाटलं की बऱ्याच दिवसांनी त्याने दोन वेळा वाढून घेतलं. आता उद्या ग्रंथालयात जायचं, मूळ पुस्तक काढायचं, ही चोपडी शेजारी ठेवायची, आणि मग बघू म्हणावं बाई काय बोलतात ते.

दुरुस्तीच्या खोलीत आता त्याच्या हाताखाली तयार झालेला माणूस प्रमुख होता. पोट सुटलं होतं, पण एप्रन तोच होता.

"या, या! काय, करमत नाही ना घरी? खुर्ची तुमचीच आहे, फक्त आता ती माझी झालीय."

"खुर्ची ठेव तुला. एक पुस्तक काढून दे."

पुस्तक आलं. बाइंडरने आधी कोपरे पाहिले, मग कणा दाबून पाहिला. शिवण अजून घट्ट होती. मग पान काढलं.

खूण होती.

स्वराच्या डाव्या बाजूला, उभ्या रेघेला अगदी खेटून. बारीक, पण स्पष्ट. त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला. मग राखाडी चोपडी उघडून शेजारी ठेवली.

त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. हे त्याचं स्वतःचं काम होतं. त्या जागी ओळ मध्ये तोडली होती. डावीकडचा तुकडा उजवीकडच्या तुकड्यावर थोडा चढवून चिकटवला होता, सांधा दिसू नये म्हणून. सांधा खरंच दिसत नव्हता. एकोणीस वर्षांत कुणालाच दिसला नव्हता.

"स्पंज आहे का ओला?" त्याने विचारलं.

"तुम्ही ठेवायचा तिथेच आहे."

खळीचं एक बरं असतं, पाणी दाखवलं की सोडते. त्याने सांध्यावर ओला स्पंज टेकवला, शंभर आकडे मोजले, आणि नखाने कड उचलली. खाली कागद पांढरा राहिला होता, आजूबाजूपेक्षा कितीतरी पांढरा. आणि त्यावर ती खूण, काल छापल्यासारखी.

"काय सापडलं?" प्रमुखाने मान लांब करून विचारलं.

"काही नाही. सांधा दोन मिलिमीटर जास्त घेतला होता."

"तुम्ही? तुम्ही आमच्या हातावर पट्टी मारायचात अर्ध्या मिलिमीटरला!"

"हो," बाइंडर म्हणाला. "मारायचो."

तिथून तो चालत मेहुण्याच्या दुकानात गेला. चांगलं पाऊण तासाचं अंतर होतं. वाटेत त्याने दोनदा रस्ता ओलांडला आणि दोनदा गाड्यांनी भोंगे वाजवले. डोक्यात एकच चाललं होतं. ती चुकली नव्हती, चूक त्याची होती. आणि तिला ते कळलंच नाही, एवढी कानाची तयार बाई, नवऱ्याच्या कामावर विश्वास ठेवून डोळे झाकून वाजवत राहिली. लोकांसमोर चुकीचं वाजवत राहिली, ते त्याच्यामुळे.

दुकानात एक म्हातारे गृहस्थ आरशात स्वतःला बघत होते. मेहुणा त्यांच्या कानामागे काडी वाकवत होता. "आता हलणार नाही, आजोबा. शिंकलात तरी नाक जाईल, चष्मा राहील." ते हसत बाहेर पडले, आणि मेहुण्याने बाइंडरचा चेहरा पाहिला.

"बसा, भाऊजी."

बाइंडरने काचेच्या टेबलावर चोपडी उघडली. उचललेली कड अजून ओली होती. मेहुण्याने वाकून पाहिलं. मग टेबलावरची भिंगं उगाचच सारखी केली.

"तुला नवल वाटलेलं दिसत नाही," बाइंडर म्हणाला.

"नाही."

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या कार्यक्रमापासून. कान आहेत मला, भाऊजी, थट्टा करतो म्हणून काय झालं? बाकी सगळा भाग रडत चाललाय आणि तिथेच एकदम हसतो कसा? मग तुमच्या चोपडीत 'विरत जा'. मी गेलो तुमच्या ग्रंथालयात, पुस्तक काढून बघितलं. तुमच्या नाकाखालून. तुम्ही आत शिवत बसला होतात."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"ताईला सांगितलं. मोठा शहाणा ना मी! गच्चीवर कपडे काढत होती. मी म्हटलं, ताई, भाऊजींनी एक फ्लॅट खाल्ला. तर माझ्याकडे बघून म्हणते कशी, 'मला दुसऱ्या तालमीलाच कळलं. तुझ्या कानाला इतके दिवस लागले?'"

बाहेर एक रिकामी बस जाऊन काचा हलल्या.

"मी म्हटलं, मग दुरुस्त का नाही करत? पेन्सिलीने एक खूण काढली की झालं. तर म्हणाली..." मेहुणा थांबला. "भाऊजी, हे मी तुम्हाला कधी सांगणार नव्हतो."

"सांग."

"म्हणाली, 'तीन आठवडे मान मोडून चिकटवलंय त्यांनी.' मी म्हटलं, हे काय कारण झालं? तर म्हणाली, 'बरं, ते राहू दे. त्या जागेवर त्यांचा गज ऐकलास? तेवढ्या एका जागी ते मोकळे होतात. घरातसुद्धा होत नाहीत इतके. मी काही तिथे काळी वाजवायची नाही.' आणि माझ्या हातात चादरीचं टोक दिलं, म्हणाली, 'धर, घडी घालू लाग.'"

बाइंडरने चोपडी मिटली. मग परत उघडली, कारण कड ओली होती आणि चिकटली असती. इतकी वर्षांची सवय.

"घरातसुद्धा होत नाहीत, असं म्हणाली?"

"तसं नाही म्हणाली हो. हसत म्हणाली."

"म्हणाली ना?"

"म्हणाली."

तो खरंच होत नसे. घरात तो कमी बोलायचा. आई-वडील तसेच, त्यामुळे त्याला ते कमी वाटतही नव्हतं. पगार आणला, गळणारा नळ दुरुस्त केला, तिच्या स्टुलाचा पाय डगमगायला लागला तर न सांगता बसवून दिला. तिचं वाजवणं कसं झालं असं तिने विचारलं तर तो म्हणायचा, "ठीक." तिच्या शेवटच्या आजारात दवाखान्याच्या सगळ्या चिठ्ठ्या त्याने तारखेप्रमाणे लावून शिवून ठेवल्या होत्या. तिने ती फाइल हातात घेऊन कितीतरी वेळ बघितली होती. त्याला वाटलं होतं, कागद वाचतेय.

आणि त्या एका जागी त्याला दर वेळी वाटायचं, की आज मी हिला काहीतरी दिलं. सगळं दिलेलं तिचंच होतं. दर वेळी चुकीची पट्टी दाबून तिने जागा करून दिली होती, आणि बाईंसारख्या तयार कानाच्या माणसासमोर स्वतःकडे कमीपणा घेतला होता. एकदा नाही, एकोणीस वर्षं.

माणूस गेल्यावर रिकाम्या खाटेची सवय होते. एका कपाचा चहा करता येतो. पण तिच्याबद्दल एखादी गोष्ट नव्याने कळते, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन "तू हे असं केलंस?" एवढंसुद्धा विचारता येत नाही, त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

"भाऊजी, पाणी देऊ?"

"दे."

दोन दिवसांनी परत तालीम होती. सगळे आले, पण पेट्या कुणी उघडल्या नाहीत. भांडणानंतरच्या घरात बसावं तसे बसले. बाइंडरने राखाडी चोपडी सगळ्यांसमोर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं, सांध्याचं आणि खुणेचं. गच्चीवरचं बोलणंही सांगितलं, पण थोडक्यात. "तिला ठाऊक होतं. माझ्यासाठी वाजवत होती," एवढंच. मेहुणा जमिनीकडे बघत होता.

बाईंनी चोपडी जवळ ओढून पाहिली. त्यांनी जिंकल्याचा आव आणला नाही. उलट नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मी तिला एकदा तोंडावर म्हटलं होतं, तुझा तेवढा स्वर मला खटकतो. 'तुमचा कान फार कडक आहे, बाई,' म्हणाली. हसली वर."

"मला माफ कर," बाइंडर मुलीला म्हणाला. "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं."

"असं नका म्हणू, सर." मुलगी स्टुलाच्या टोकावर बसली होती. "मी एक बोलू? मी पांढरीच वाजवते. मॅडम वाजवायच्या तशी. आता कारण कळलं ना. इथे कुणाला कळणारही नाही."

"तसंच करा," मेहुणा पटकन म्हणाला. "काय हरकत आहे? लिहिणारा काही उठून येत नाही."

बाई नेहमी छापलेल्याच्या बाजूने. पण त्याही म्हणाल्या, "माझी हरकत नाही. या वेळी नाही."

डॉक्टरांनी नुसती मान डोलावली, म्हणजे त्यांचंही मत पडलं. राहिला बाइंडर. त्याला हवं होतं ते सगळेजण आपणहून हातावर ठेवत होते. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. पांढरी वाजली असती, खिडकी उघडली असती, गज मोकळा झाला असता, आणि तेवढे चार क्षण ती होती तशी या खोलीत राहिली असती.

तो बराच वेळ गजाचा स्क्रू फिरवत बसला.

"नको," तो म्हणाला. "काळी वाजव."

"पण सर..."

"तिने माझी चूक पदरात घेतली, ती तिला घ्यायची होती म्हणून. तू कशाला घेशील? तू वाजवलीस तर ती नुसती चूक होईल, माझी. आणि तुला तिने काय शिकवलं होतं?"

मुलीने नव्या पुस्तकातली ती जागा उघडली. तिला काय शिकवलं होतं ते आतल्या खोलीत बसून चार वर्षं त्यानेही ऐकलं होतं. आधी नीट बघ. मग वाजव.

"मग तुमच्या गजाचं काय?" बाईंनी विचारलं. "काळीवर तो तसा सुटला तर तमाशा होईल. कुणाच्या दुःखाच्या घरात जाऊन मोठ्याने हसल्यासारखं."

"विरत नेतो. लिहिलंय तसं."

सांगणं सोपं होतं. पुढचे नऊ दिवस तो रोज सकाळी ती एकच जागा घेऊन बसला. खोडलेलं 'विरत जा' रबराने मोकळं केलं, आपलं 'मोठं' पुसलं. पण कागदावरचं पुसून हातातलं पुसलं जात नाही. तिथे आला की हात आपोआप रुंद व्हायचा, खांदा उघडायचा, गज तारेवर चढायचा. गाडीचा घोडा जुन्या घराकडेच वळावा तसं. तो परत मागे यायचा, परत घ्यायचा. शेजारच्या आजीने एकदा दारात येऊन विचारलं, "दादा, पुढचं येत नाही का?" तो म्हणाला, "पुढचं येतं, आजी. हेच येत नाही."

तालमीत मुलगी काळी वाजवायची आणि तो विरत न्यायचा प्रयत्न करायचा. कधी जमायचं. जमलं की कुणीच काही बोलायचं नाही, आणि नाही जमलं तरीही.

कार्यक्रमाला संगीतशाळेच्या सभागृहातली बाकं बरीचशी भरली होती. नेहमीचेच लोक. पुढच्या रांगेत दुरुस्तीच्या खोलीतला प्रमुख बायकोला घेऊन आला होता आणि टाय लावून अवघडला होता. मुलीने नवं पुस्तक ठेवलं होतं. शेजारी पान उलटायला तिची मैत्रीण बसली होती.

पहिला भाग चांगला झाला. बाईंचा एक स्वर थोडा वर गेला आणि त्यांनी स्वतःवरच डोळे वटारले. मेहुणा एकदासुद्धा मागे राहिला नाही.

मग दुसरा. बाइंडर मुलीच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता. तो हात बायकोच्या हातासारखा नव्हता. बोटं लांब होती, मनगट उंच. पण स्वर धरताना शेवटी करंगळी जराशी आत ओढली जायची, ती मात्र शिकवल्याशिवाय येत नाही. हे त्याला आजच दिसलं.

शेवट जवळ आला. चौघांनी ते दोन स्वर धरले. बाइंडरच्या तारेखाली चेलोचं लाकूड थरथरत होतं, गुडघ्याला लागत होतं. त्याला वाटलं, अजून वेळ आहे. मुलगी चुकेल. सवयीने, घाबरून, किंवा त्याच्यावर दया येऊन, ती पांढरी दाबेल. त्याने मनातल्या मनात तिला तसं सांगितलंसुद्धा.

मुलीने काळी दाबली. हलकी, नेमकी, शिकवल्यासारखी.

सभागृहातला उजेड होता तेवढाच होता, पण बाइंडरला तो गेल्यासारखा वाटला. त्याचा खांदा उघडायला लागला. गज तारेवर चढला, एक खरखर झाली, ती निदान पहिल्या चार रांगांना ऐकू गेली असेल. बाईंनी मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्याने हात आवरला. कोपर खाली घेतलं. गज अजून अर्धा उरला होता, आणि तो बारीक करत टोकापर्यंत न्यायचा होता, जिथे हातात काही जोर राहत नाही.

तो नेत राहिला. आवाज आधी संपला. गज त्यानंतरही थोडा वेळ तारेवर होता.